थोरल्याचे नाक

"डाव्या बाजूला ते जुनं भोक होतं ना, तेही बुजवून टाकलं बरं का," असे डॉक्टर म्हणाले आणि माझ्या नाकपुडीतून त्यांनी रक्ताने माखलेली पट्टी बाहेर ओढण्यास आरंभ केला. ती पट्टी संपता संपत नव्हती. माझ्या मस्तकाच्या अगदी आत, फार वर्षांपूर्वी कोणी घडी घालून ठेवलेले काहीतरी आज उलगडले जात आहे, असा मला भास झाला. पट्टी संपल्यावर मी तोंडाने श्वास घेत "आभारी आहे" असे म्हणालो. वस्तुतः ते भोक बुजवा असे मी त्यांना सांगितलेच नव्हते. सोलापूरच्या त्या दवाखान्यात मी गेलो होतो तो केवळ नाकाचा मोडलेला कणा सरळ करून घेण्यासाठी. पण आभार मानणे हा माझ्या जिभेचा धर्मच होऊन बसला आहे. गेली अठरा वर्षे मी विवाहसमारंभांत निवेदनाचे काम करतो. मानकऱ्यांचे, मंडपवाल्यांचे, आचाऱ्यांचे आणि ज्यांना मी ओळखतही नाही अशा शेकडो पाहुण्यांचे आभार मी मानत आलो आहे. डॉक्टरांनी ते भोक बुजवले तेही, सदऱ्याचा खिसा शिवायला दिला असता शिंप्याने तुटलेले बटणही लावून द्यावे, तशा चांगुलपणाने. त्या चांगुलपणाला नाही कसे म्हणावे? जिना उतरताना मात्र मी कठडा धरून उभा राहिलो. आता माझ्या नाकावर काहीच खूण नाही, असा एक विचार मनात आला. त्याच्या पाठोपाठ, अगदी हलक्या पावलांनी, दुसरा आला: आता मला कोणीही ओळखू शकेल.

माझे नाव केरबा. हे नाव कसे पडते ते आमच्या अणदूरच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. माझ्याआधी आईची दोन मुले गेली. थोरला बलभीम तीन वर्षांचा होऊन तापाने गेला. दुसरा बाराव्या दिवसाच्या आतच गेला, त्याला नावसुद्धा नाही. म्हणून मी जन्मलो तेव्हा मला सुपात घालून उकिरड्यावर, केरात ठेवण्यात आले. शेजारच्या नागूबाईने मला सापडलेले पोर म्हणून उचलले आणि एक पायली ज्वारीच्या बदल्यात माझ्याच आईला विकले. मग गावच्या सोनाराने माझी डावी नाकपुडी टोचून तीत चांदीची वाळी घातली. हेतू असा की, जो न्यायला येतो त्याने पाहावे: हे पोर कमलबाईचे नव्हे, केरातले आहे, शिवाय मुलगा नव्हे, मुलगी आहे, आणि त्याने आल्या वाटेने परत जावे. पाच वर्षांचा होईपर्यंत मी परकर नेसलो. पहिलीच्या वर्गात दिग्विजय नावाच्या एका मुलाने त्या वाळीत बोट अडकवून मला ओढले, तेव्हा मी शाळेच्या दगडी पायरीवर नाकावर पडलो. कणा वाकला आणि भोक ओढले जाऊन ज्वारीच्या दाण्याएवढे झाले. ते पुन्हा कधी मिटले नाही. आईने वाळी पुन्हा घातली नाही. पण मी मोठा झाल्यावरही, मिशा फुटल्यावरही, ती अधूनमधून त्या भोकावर बोटाचे टोक ठेवून पाही. निजण्यापूर्वी माणसे दाराची कडी लागली आहे ना, हे जसे चाचपतात तसे.

गेल्या वैशाखातील तो प्रसंग घडला नसता तर मी त्याच नाकाने उरलेले आयुष्य काढले असते. धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात मी निवेदन करीत होतो. हल्ली अशा ठिकाणी व्यासपीठामागे भिंतीएवढा पडदा असतो आणि छायाचित्रकार जिकडे फिरेल ते त्यावर दिसते. आजवर मी नेहमी उजवी बाजू लोकांकडे करून उभा राहत असे. त्या दिवशी वराच्या मामांना अंतरपाट धरण्यासाठी पाचारण करताना मी सहज मागे वळलो आणि पडद्यावर मला माझे नाक दिसले. ते एखाद्या घराएवढे होते. वाकडे, दबलेले, आणि डाव्या नाकपुडीवर अंधारी खिडकी असावी तसे ते भोक. मामांचे नाव माझ्या ओठांवर होते, ते तिथेच राहिले. दोन-तीन क्षण सगळ्या मांडवात अक्षता लोकांच्या मुठीतच थांबल्या. ते नाक पाहून मला लाज वाटली, हे खरे; परंतु लाजेच्या खाली दुसरेच काही होते. चाळीस वर्षे ज्या अर्थी आईने मला केरातला म्हणून वाढवले, त्या अर्थी तिच्या मनात मी खरोखरच केरातला असेन, थोरला गेल्यावर त्याच्या जागी उचलून आणलेला कसला तरी ऐवज असेन, ही शंका मला लहानपणापासून होती. त्या पडद्यावर ती शंका सर्व पाहुण्यांदेखत उघडी पडली. लातूरला शिकणारी आमची निकिता चित्रफीत पाहून म्हणाली, "पप्पा, हल्ली होतं सगळं नीट. करून टाका." मी करून टाकले.

दवाखान्यातून मी घरी आलो तेव्हा नाकावर साचा होता, त्यावर पट्ट्यांचा थर होता आणि डोळ्यांखाली वांग्याच्या रंगाच्या सुजेने घर केले होते. आई ओसरीवर बसली होती. फार दुखते का, असे ती विचारील, म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. तिने तसे विचारले नाही. जवळ बोलावून तिने बोट उचलले, पट्टीपाशी नेले आणि थांबवले.

"भोक हाय न्हवं?"

खोटे बोलणे सहज शक्य होते. पट्टीखालचे तिला काय दिसणार? पण आईशी खोटे बोलण्याचे शब्द मला कधी पाठ झाले नाहीत. "नाही गं," मी म्हणालो, "डॉक्टरनं बुजवलं."

तिने बोट मागे घेतले. मग आत माझ्या पत्नीला हाक मारून म्हणाली, "महानंदा, मला भाकर टाकू नगंस."

त्या दिवसापासून तिने अन्न सोडले. चहा आणि घोटभर दूध, एवढ्यावर ती राहू लागली. बसप्पा सोनाराला बोलवा, पुन्हा टोचून घ्या, मग मी जेवीन, एवढेच तिचे म्हणणे होते. मी तिला समजावले की कानामागची कूर्चा काढून नाकात बसवली आहे, वर्षभर तिथे सुई लागता कामा नये, लागली तर नाक सडेल. "आई, एक वर्ष थांब. मग हवं ते कर."

"म्या थांबंन," ती म्हणाली. "त्यो थांबंल व्हय?"

महानंदा भांडी आपटीत होती. "अहो, नाक सुधारून आणलंत का बिघडवून? तुमच्या नाकापायी सासूबाईंनी ताट सारलं. उद्या गाव म्हणंल, सुनेनं उपाशी ठिवली म्हातारी." नागूबाई काठी टेकीत आली, तिने मला खालून वर न्याहाळले आणि ती सरळ भांडायलाच उठली. "ए केरबा, तू माझा माल हाईस. केरातनं म्या उचलला तुला. मला न इचारता तोंड बदलून आलास व्हय?" मी म्हणालो, "मावशी, विकल्यावर मालकी राहत नाही." ती म्हणाली, "तुझ्या आईनं पायली आपटून न्हाय भरली तवा. चार दाणे कमी हुते. तेवढी मालकी हाय माझी अजून!" महानंदा पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आले. पण वरचा ओठ बधिर असल्यामुळे ते चेहऱ्यावर उमटलेच नाही. आई मात्र हसली नाही. ती माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मी दार सताड उघडे टाकून ओसरीवर बसलो आहे.

ते दिवस मी कसे काढले हे मला नीट सांगता येणार नाही. दोन उशांना टेकून, मान ताठ ठेवून मला पडून राहावे लागे. नाकाने श्वास येत नसे. ओठ सुकून त्यांना साली येत. महानंदाने फोडणी दिली की तिचा केवळ आवाज मला ऐकू येई. वास नाही, चव नाही. नाकाच्या टोकाला बोट लावले तर बोटाला नाक लागे, नाकाला बोट लागत नसे. ते टोक माझे नव्हतेच. ते कोणाचे तरी माझ्याकडे सांभाळायला दिलेले होते आणि मालक कधीही येऊन मागू शकत होता. दुपारी गल्ली निर्मनुष्य झाली, सगळीकडे उन्हाचा पांढरा पडदा सुटला, की उंबऱ्यापलीकडे कोणीतरी उभे आहे असे मला वाटू लागे. मी व्यासपीठावर उभा असतो तेव्हा माझ्या हाती नावांच्या चिठ्ठ्या असतात, आणि प्रत्येक वराच्या नावाआधी मी मोठ्याने, गळा भरून, 'चिरंजीव' असे म्हणतो. हा शब्द मी किती हजार वेळा उच्चारला असेन! आता मला वाटे की बाहेर उन्हात दुसरा एक निवेदक उभा आहे. त्याच्या हाती एकच चिठ्ठी आहे. चाळीस वर्षे तो ती घेऊन या गल्लीतून जात-येत आहे. चिठ्ठीवर कमलबाईचा मुलगा असे लिहिलेले आहे. परंतु समोर दिसते ते नाक टोचलेले केरातले पोर, म्हणून तो मान हलवून पुढे जातो. आता तो थांबेल. चिठ्ठी पाहील. चेहरा पाहील. मी दहावीपर्यंत शिकलो, पुस्तके वाचली, लोकांना अंधश्रद्धेवर चार शब्द सांगितले. ते सगळे शब्द त्या उन्हात वाळत पडलेले मला दिसत. आणि आईची मनगटे रोज थोडी थोडी बारीक होत चाललेली दिसत.

सहाव्या दिवशी मला शिंक आली. तोंड उघडे ठेवूनच शिंकायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. तसे केले तरी रक्ताचा एक मोठा थेंब माझ्या बनियनवर पडला. आई भिंतीशी निजून होती. दोन दिवस तिला आधाराशिवाय उठता येत नव्हते. ती उठली. भिंत धरीत, मग खुंटी धरीत, मग काहीच न धरता ती माझ्यापर्यंत आली आणि तिने माझ्या डोक्यावरून आपला पदर ओढून घेतला. एक्केचाळीस वर्षांचा, विवाहमंडपांतून हजारो लोकांना उठवणारा-बसवणारा मी तिच्या पदराखाली निमूट बसून राहिलो. बाहेरचे ऊन पदरातून हिरवट दिसत होते. तिचे हृदय एखाद्या लहान पाखराचे असावे तसे धडधडत होते, आणि ती दरवाज्याकडे तोंड करून कोणाला तरी सांगत होती, "हितं कोन न्हाय. जा. हितं कोन न्हाय." त्या क्षणी मी हरलो. मी म्हणालो, "रविवारी बोलाव बसप्पाला." नाक सडले तर सडो. बसप्पाला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "केरबाभाऊ, सोनं डागळलं तर उजळता येतं. मांसाचं तसं न्हाय. पर कमलआज्जी म्हणतील तसं करू." आईला सांगितले तर ती म्हणाली, "रविवार हू दे. मग जेवीन." तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि रविवारपर्यंत ती टिकेल यावर माझा नव्हता.

शनिवारी साचा काढण्यासाठी मी सोलापूरला गेलो. उद्या सुई लावायची आहे हे मी डॉक्टरांना सांगू शकलो नाही. त्यांनी कोमट पाण्याने पट्ट्या भिजवल्या, साचा अलगद उचलला आणि माझ्या हाती आरसा देऊन ते म्हणाले, "बघा. राजबिंडे दिसताय." आरशात एक गृहस्थ होते. डोळ्यांखालची सूज उतरून तिथे भंडाऱ्यासारखा पिवळा रंग राहिला होता, आणि मधोमध एक सरळ, नितळ, कोणाचाही हात न लागलेले नाक होते. ते गृहस्थ मला माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे वाटले. त्यांनी माझ्याकडे ओळखीने पाहिले. मला मात्र त्यांची ओळख पटली नाही. परतीच्या एसटीत शेजारी आमच्याच गावचा एक म्हातारा शेतकरी येऊन बसला. त्याच्या दोन मुलांच्या लग्नांत मी बोललो आहे. त्याने तंबाखू मळता मळता विचारले, "कुठं निघालात पावणं?" मी म्हणालो, "अणदूरला." "कुणाकडं?" "कमलबाईंकडं." तो म्हणाला, "म्हातारीनं आन्न सोडलंय म्हणं. भेटून घ्या, बरं झालं आलात." मी मान हलवली.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. महानंदा दळण घेऊन गिरणीला गेली होती. आई दारासमोर गोधडीवर पडली होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो तसा तिच्या अंगावरचा उजेड गेला आणि तिने डोळे उघडले. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर प्रथम काहीच नव्हते. मग, पाण्याच्या तळातून काही वर यावे तसे, हळूहळू काहीतरी वर आले.

"बलभीम?"

मी तोंड उघडले. पण माझे नाव माझ्या तोंडातून बाहेर आले नाही.

"कवा आलास रं? किती मोट्टा झालास!" तिने हात पुढे केला. मी खाली बसलो. तिने माझ्या नाकावरून, कपाळापासून टोकापर्यंत, एक बोट सावकाश फिरवले. ते बोट मला दिसत होते आणि त्याचा स्पर्श मला मुळीच होत नव्हता. ती दुसऱ्याच कोणाला तरी कुरवाळत होती आणि मी मध्ये बसलो होतो. "तसंच हाय. तसंच नाक हाय. तुझी आज्जी म्हणायची, टोच पोराचं नाक, नजर लागंल. म्या म्हणलं, न्हाय. असलं देखणं नाक कुणी टोचतं का? म्या हट्ट केला. टोचू दिलं न्हाय." तिचे बोट टोकाशी थांबले. "माझ्या डोळ्याच्या सुखापायी म्या तुला घालवला. मग केरबाच्या येळंला डोळं मिटलं आन म्हणलं, कर घाण त्याचं नाक. कसं बी दिसू दे. पर ऱ्हाऊ दे."

एक्केचाळीस वर्षे मी ज्या भोकाकडे केराची खूण म्हणून पाहत आलो होतो, त्याविषयी ती हे बोलत होती, आणि ते ज्याने ऐकायला हवे होते तो त्या खोलीत नव्हता. तिथे होता तो थोरला. तिने त्याचा हात घट्ट धरला. तिच्या नजरेत एकाएकी भीती आली.

"केरबाला न्यायला आलास व्हय?"

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला असा प्रश्न कधी कोणी विचारलेला नसेल. तिला कोणतीही समजूत मी केरबा म्हणून घातली असती तर ती तिला पटली नसती, कारण गेले आठ दिवस मी तेच करीत होतो. जे वचन तिला हवे होते ते जिवंत माणसाच्या अधिकारातले नव्हते. मी ज्या बोलीला व्यासपीठावर चढताना खाली ठेवून येतो ती बोली आपण होऊन माझ्या तोंडात आली.

"न्हाय, आई. तुला बघाया आलो."

"खरं?"

"त्याला कोन न्हाय नेत. म्या हाय की तिथं. सांगतो म्या समद्यास्नी."

ती माझा चेहरा वाचीत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "लई दुखलं का रं तवा? तापात?"

"न्हाय," मी म्हणालो. "दुखलं न्हाय."

तिने हात सोडला. "मग जा आता. तू हितं दिसलास तर घाबरंल त्यो. लई भित्रं हाय ते पोरगं. लहानपनापास्नं."

मी उठलो आणि बाहेर गेलो. गल्लीत ऊन होते. तिथे दुसरे कोणी उभे आहे की काय, हे मी पाहिले; कोणी नव्हते. एवढ्या उन्हात माझ्याच घराबाहेर मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. बलभीमाने परत जाऊ नये असे मला फार वाटत होते. शेवटी मी गळ्यातले उपरणे सोडले, शेताकडून येणारी माणसे उन्हासाठी बांधतात तसे नाकातोंडावरून घट्ट बांधले, चप्पल वाजवली, खाकरलो आणि आत गेलो.

"आलास व्हय?" आई म्हणाली. "आत्ता बलभीम येऊन गेला."

"काय म्हणाला?"

"नेत न्हाय म्हणला तुला." ती भिंतीला टेकून उठून बसली होती. "बसप्पाला नगं म्हणून सांग. आन मला भाकर दे."

दुरडीत सकाळची एकच भाकरी होती. मी ती तिच्या पुढे ठेवली, वाटीत दूध आणले. तिने दोन्ही हातांनी भाकरी मोडली. दोन्ही वाटे सारखे झाले. एक तिने दुधात कुस्करला आणि दुसरा माझ्याकडे सारला.

"ही त्याला ठीव. तसाच उपाशी गेला."

ती सावकाश, मधूनमधून थांबत, सगळे जेवली आणि बसल्या जागी डोळे मिटून निजली. तिचा श्वास एका लयीत लागेपर्यंत मी थांबलो. मग ती अर्धी भाकरी घेऊन उंबऱ्यापलीकडे पायरीवर जाऊन बसलो आणि तोंडावरचे उपरणे सोडले. भाकरीला मला चव लागली नाही, वासही आला नाही. तरी त्याच्या वाटणीची म्हणून मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.